चाळीसांतले आठ

महाराष्ट्रातल्या कुठल्याही उघड्या माळावर उभे राहून मोबाइलवर उपग्रह दाखवणारे ॲप उघडले, की एका वर्तुळात ठिपक्यांची दाटी दिसते. अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेईदोऊ, एखाददुसरा जपानी आणि आपले नाविकचे, असे सगळे मिळून तीस-चाळीस उपग्रह एकाच वेळी क्षितिजाच्या वर असतात. स्थान काढायला लागतात किमान चार. उरलेल्यांचे करायचे काय, हा प्रश्न वरवर पाहता चैनीचा वाटतो. प्रत्यक्षात शेताच्या हद्दीपासून विमानाच्या उतरण्यापर्यंत बऱ्याच गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

वाई तालुक्यातल्या एका बांधावर याच प्रश्नावरून मामा-भाचीची जुंपली. मामा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले भूकरमापक. साखळी, प्लेन टेबल, ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) मशीन आणि आता उपग्रहांवरून जागा काढणारा रोव्हर, असे मोजणीचे चारही जमाने त्यांच्या हाताखालून गेलेले. भाची पुण्यातल्या एका कंपनीत मनगटी घड्याळात बसणाऱ्या चिमुकल्या रिसीव्हरसाठी प्रोग्राम लिहिते. दोघांचे काम एकाच आकाशावर चालते, पण त्या आकाशाकडे बघायची नजर वेगळी.

मामांनी रोव्हरचा दांडा हद्दीच्या दगडावर टेकवला, बुडबुडा मध्यावर आणला आणि पडदा तिच्यापुढे धरला. "हे बघ, छत्तीस उपग्रह. पहिल्यांदा हे मशीन हातात आलं तेव्हा सहा-सात मिळाले तरी आम्ही खूश व्हायचो. आता आकाश कसं भरून वाहतंय."

"माझं घड्याळ यातले आठच धरतं, मामा."

"आठच? आणि बाकीचे?"

"सोडून देतं."

"अगं, फुकट मिळतंय ते सोडायचं कशाला?"

"फुकट काही नसतं. प्रत्येक उपग्रहाचा संकेत धरून ठेवायला रिसीव्हरचा एक चॅनेल सतत राबवावा लागतो. तुमच्या रोव्हरला विटेएवढी बॅटरी आहे. माझ्या घड्याळाला नखाएवढी. सगळे छत्तीस धरले तर सकाळी पळायला निघालेल्या माणसाचं घड्याळ परतायच्या आत बंद पडेल."

मामांना हे पटले नाही. बॅटरी हा पैशाचा प्रश्न झाला, अचूकतेचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या धंद्यात अचूकतेशी तडजोड चालत नाही. शंभर मीटर लांबीच्या बांधावर रेघ फूटभर इकडची तिकडे झाली, तर तीस चौरस मीटर जमीन या गटातून त्या गटात जाते. म्हणजे गुंठ्याचे तीन दशांश. तेवढ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिलेले त्यांनी पाहिले आहेत.

वाद पुढे नेण्याआधी चारच उपग्रह का लागतात हे सांगायला हवे, कारण निवडीचे सगळे गणित तिथूनच निघते. उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सांगतो. संकेत किती वेळाने पोचला यावरून रिसीव्हर अंतर काढतो. जागेचे आकडे तीन, मग तीन अंतरे पुरायला हवीत. पण उपग्रहात अणुघड्याळ असते आणि रिसीव्हरमध्ये साधे क्वार्ट्झचे. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे तीस सेंटिमीटर जातो. म्हणजे रिसीव्हरचे घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, की प्रत्येक अंतर तीनशे मीटरने चुकते. म्हणून ही घड्याळाची चूक चौथी अज्ञात संख्या मानून जागेबरोबरच सोडवावी लागते. चार अज्ञात, चार उपग्रह.

पण कोणते चार?

हा प्रश्न जुना आहे. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८च्या फेब्रुवारीत सोडला गेला आणि यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू झाल्याचे १९९५ साली जाहीर झाले. मधल्या काळात रिसीव्हरचे चॅनेल मोजके होते. दिसणाऱ्या सात-आठ उपग्रहांमधून चार निवडणे भागच होते. १९८४ साली किहारा आणि ओकाडा या जपानी संशोधकांनी निवडीच्या पद्धतीवर आणि तिच्यातून मिळणाऱ्या अचूकतेवर निबंध लिहिला. त्या काळातली एक रूढ युक्ती अशी होती: आपण जिथे उभे आहोत तिथून चार उपग्रहांच्या दिशांना सारख्या लांबीच्या चार रेषा काढायच्या, त्यांची टोके जोडून एक चतुष्फलक तयार करायचा आणि ज्या चौकडीचा चतुष्फलक सर्वांत मोठ्या घनफळाचा, ती घ्यायची. एक उपग्रह डोक्यावर आणि तीन क्षितिजाजवळ, एकमेकांपासून १२० अंशांवर, ही चारांची आदर्श मांडणी.

"हे मला शिकवू नकोस," मामा म्हणाले. "प्लेन टेबलवर दोन ठिकाणांहून रेघा मारून झाड टिपायचं, तेव्हा रेघा बारीक कोनात छेदल्या तर झाड नेमकं कुठे ते कळायचं नाही. पेन्सिलीच्या जाडीएवढी चूक कागदावर पाच-पाच मिलिमीटर लांबायची. साहेब कान पकडायचे. रेघा नीट आडव्यातिडव्या छेदायला हव्यात, हे आम्हाला पहिल्या महिन्यात कळलं होतं."

"तेच तर डीओपी."

तेच. उपग्रहांच्या मांडणीमुळे मूळची चूक किती पट होते, त्या पटीला डीओपी म्हणतात. एका अंतरात एक मीटरची चूक असेल आणि डीओपी तीन असेल, तर स्थानात सुमारे तीन मीटरची चूक येते. वर सांगितलेल्या आदर्श चौकडीसाठी जागा आणि वेळ मिळून ही पट १.७३ भरते. चारही उपग्रह आकाशाच्या एकाच कोपऱ्यात गोळा झाले, तर तीच पट दहा, वीस, पन्नास होते. मोजणीदार ज्या पीडीओपीचा आकडा पाहतात, तो याच कुटुंबातला. त्यात वेळ बाजूला ठेवून फक्त जागेची चूक धरलेली असते.

इथे मामांनी आपला हुकमाचा पत्ता टाकला. "आता तू सांग. एक उपग्रह वाढवला तर हा आकडा कधी वाढतो का?"

भाची क्षणभर थांबली. "नाही. वाढत नाही."

"मग?"

मामांचा मुद्दा खरा आहे आणि गणिताने सिद्ध झालेला आहे. आधीच्या संचात त्याच यंत्रणेचा आणखी एक उपग्रह घातला, तर डीओपी कमी होते, फार तर तेवढीच राहते, बिघडत कधीच नाही. म्हणूनच चॅनेल स्वस्त झाले तसे निवड करणारे रिसीव्हर मागे पडले आणि दिसतील तेवढे सगळे वापरणारे आले. सगळे घ्या म्हणणाऱ्यांची बाजू भोळी नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे.

भाचीने उत्तर दोन टप्प्यांत दिले. पहिला टप्पा फायद्याच्या मोजमापाचा. चुका एकमेकींपासून स्वतंत्र आणि सारख्या आहेत असे धरले, तरी उपग्रह चौपट केल्यावर चूक निम्मी होते. दहाचे चाळीस करा, तेव्हा कुठे निम्मी. चारावरून आठांवर जाण्यात जे मिळते, ते बत्तीसवरून छत्तीसवर जाण्यात मिळत नाही. शिवाय परक्या यंत्रणेचा पहिला उपग्रह तर जागेसाठी काहीच देत नाही. जीपीएसची वेळ आणि गॅलिलिओची वेळ यांत बारीक फरक असतो. तो फरक ही पाचवी अज्ञात संख्या. ती सोडवण्यातच त्या पहिल्या उपग्रहाची भर खर्ची पडते. चार यंत्रणा मिसळल्या तर अज्ञात संख्या चारांच्या सात होतात. यंत्रणांमधला वेळेचा फरक संकेतातून कळवण्याची सोय आहे, पण रिसीव्हरच्या आतल्या विलंबाची भर त्यात पडतेच.

दुसरा टप्पा जास्त महत्त्वाचा.

"डीओपी असं धरून चालते मामा, की प्रत्येक उपग्रह सारखाच खरा बोलतो. तसं असतं तर मी पण सगळे घेतले असते."

उपग्रह खोटे बोलत नाहीत, पण त्यांचा संकेत वाटेत बदलतो. वातावरणाच्या खालच्या थरातून सरळ डोक्यावरून येताना संकेताला सुमारे २.४ मीटरचा उशीर लागतो. क्षितिजापासून पाच अंशांवर असलेल्या उपग्रहाच्या संकेताला याच थरातून तिरपे यावे लागते, तेव्हा हा उशीर दहापट होतो, चोवीस-पंचवीस मीटर. त्यावरच्या आयनांबरातला उशीर क्षितिजाजवळ सुमारे तिप्पट होतो. गणिती नमुने वापरून यातला बराच भाग काढून टाकता येतो. उरतो तो खाली झुकलेल्या उपग्रहांतच जास्त उरतो.

आणि अडचण नेमकी इथे आहे, कारण भूमितीला खालचेच उपग्रह हवे असतात. सगळे उपग्रह सारखे विश्वासाचे मानून गणित केले, तर उत्तम मांडणीत दहातले साधारण तीन डोक्यावर येतात आणि बाकीचे सगळे क्षितिजाला टेकतात. मधल्या उंचीवर कोणीच नाही. उंची आणि घड्याळाची चूक यांना वेगळे करायचे, तर वरचे आणि खालचे दोन्ही लागतात. सगळे वरचेच घेतले, तर स्वतः तीन मीटर वर असणे आणि घड्याळ दहा नॅनोसेकंद पुढेमागे असणे यांतला फरक रिसीव्हरला ओळखता येत नाही. पायाखालून संकेत येत नाहीत, पृथ्वी मध्ये आहे, म्हणून उंचीचा आकडा आडव्या जागेपेक्षा नेहमीच कच्चा असतो. भूमिती ज्यांना बोलावते त्यांच्याच बाबतीत वातावरण सावध करते, आणि निवडीच्या सगळ्या पद्धती या दोघांमध्ये कुठेतरी उभ्या आहेत.

"माझी बेस आहे ना जवळ," ज्ञात बिंदूवर ठेवलेल्या दुसऱ्या रिसीव्हरकडे बोट दाखवत मामा म्हणाले. "बेसलाही तोच उशीर लागतो, रोव्हरलाही तोच. वजाबाकी केली की हवेची चूक गेली."

"गेली. पण त्या विहिरीच्या पत्र्याच्या शेडवरून उडून आलेला संकेत? तो फक्त रोव्हरला येतो, बेसला नाही. तो वजा होत नाही."

मामांनी शेडकडे पाहिले. दांडा ते शेडजवळ लावतच नाहीत. आंब्याखाली लावत नाहीत. रोव्हरमध्ये पंधरा अंशांचा मास्क लावून त्याखालचे उपग्रह ते मुळात येऊच देत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्य मावळल्यावर फिक्स, म्हणजे सेंटिमीटरपर्यंतचे पक्के उत्तर, सुटायला लागतो, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे, म्हणून नाजूक हद्दीची मोजणी ते सकाळी उरकतात. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. अग्निबाणतळासाठी थुंबा निवडले गेले त्याचे कारणही तेच. त्या पट्ट्यातले आयनांबर सूर्यास्तानंतर अस्थिर होते आणि संकेत लुकलुकतात. सूर्याची सक्रियता शिगेला पोचल्याचे २०२४च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले, आणि अशा वर्षांत हा त्रास वाढतो.

भाचीने नेमके हेच पकडले. "मग तुम्ही निवडच करता की! पंधरा अंश म्हणजे निवड. शेडपासून लांब उभं राहणं म्हणजे निवड. मी ती प्रोग्राममध्ये लिहिते, एवढाच फरक."

मामा हसले, पण मान्य केले नाही. उलट त्यांनी एक निरीक्षण सांगितले आणि ते ऐकून भाचीने वही काढली. त्यांचे म्हणणे असे, की उत्तरेला भिंत असली तर जीपीएसचे फारसे अडत नाही, दक्षिणेला असली तर पंचाईत होते. खात्यातल्या तरुण मुलांना ते सांगत आले आहेत: दांडा घराच्या दक्षिण अंगाला लावा.

यामागचे कारण कक्षांत आहे. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात. त्यामुळे कोणताही जीपीएस उपग्रह ५५ अक्षांशाच्या उत्तरेला कधी जातच नाही. पुणे-सातारा पट्टा अठरा अंशांच्या आसपास. इथून थेट उत्तरेकडे पाहिले, तर क्षितिजापासून वर सुमारे चाळीस अंशांपर्यंत जीपीएससाठी आकाश रिकामे असते. दिवसाच्या कुठल्याही वेळी. गॅलिलिओच्या कक्षा ५६ अंशांच्या, म्हणजे जवळजवळ तेच. ग्लोनास मात्र रशियासारख्या उत्तरेकडच्या देशाने स्वतःच्या सोयीने आखलेली, ६४.८ अंशांची. तिचे उपग्रह आपल्या उत्तर आकाशात तीस-एक अंशांपर्यंत खाली दिसतात. म्हणजे महाराष्ट्रात आठांतली एक जागा ग्लोनासच्या उत्तरेकडच्या उपग्रहाला द्यायची, तर तिला कारण आहे. संख्या भरण्यासाठी दक्षिणेचा तेरावा उपग्रह घेण्यापेक्षा हा एक जास्त कामाचा.

नाविकचे उलट आहे. त्याचे भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर आहेत आणि बाकीच्यांच्या कक्षा २९ अंशांच्या. ८३ अंश रेखांशावरचा उपग्रह पुण्यातून पाहिला तर जवळपास ६६ अंश उंचीवर, कायमचा. भारत आणि भोवतालच्या दीड हजार किलोमीटरांसाठीच ही यंत्रणा आखली असल्यामुळे तिचे उपग्रह आपल्याला उंच दिसतात, झाडांच्या आणि इमारतींच्या वर. पण उत्तरेची बाजू तिला कमकुवत. एकट्या नाविकवर विसंबले तर मांडणी कलती होते. मिश्र निवडीत मात्र डोक्यावरच्या वाट्यासाठी तो उत्तम उमेदवार. पहिल्या पिढीतल्या काही उपग्रहांची अणुघड्याळे बंद पडली. २०२३च्या मे महिन्यात गेलेल्या एनव्हीएस-०१वर भारतीय बनावटीचे अणुघड्याळ बसवले आणि मोबाइलच्या चिपांना सोयीचा एल-१ संकेतही आला. जानेवारी २०२५मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. ही यंत्रणा पूर्ण ताकदीने उभी राहणे आपल्या आकाशासाठी किती मोलाचे आहे, ते निवडीच्या या हिशेबातून स्पष्ट दिसते.

भाचीची बाजू सर्वांत भक्कम ठरते ती गल्लीत. पुण्याच्या पेठांतली दक्षिणोत्तर गल्ली घ्या, दोन्हीकडे चार-चार मजले. थेट संकेत येतात ते डोक्यावरून आणि गल्लीच्या लांबीच्या दिशेने. पूर्व-पश्चिमेचे उपग्रह भिंतींनी झाकलेले. तरी मोबाइल त्यांना मोजतो, कारण त्यांचा संकेत समोरच्या भिंतीवर आपटून येतोच. आपटल्यावर संकेताच्या ध्रुवणाची दिशा उलटते. मोजणीचा अँटेना त्यावरून बराचसा परावर्तित संकेत गाळतो, मोबाइलच्या अँटेनाला ते जमत नाही. परावर्तित संकेताची वाट लांबलेली असते, म्हणून अंतर जास्त भरते आणि ठिपका समोरच्या फुटपाथवर जाऊन बसतो. अशा ठिकाणी उपग्रह जितके जास्त, तितके आपटून आलेले जास्त. डीओपीचा आकडा सुंदर दिसतो आणि जागा चुकते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले पॉल ग्रोव्ह्ज यांनी २०११ साली यावर मांडलेली कल्पना मोठी विलक्षण आहे. शहराच्या इमारतींचा त्रिमितीय नकाशा घ्यायचा आणि कोणता उपग्रह कोणत्या जागेवरून झाकला जाईल ते आधी काढून ठेवायचे. मग रिसीव्हरला जे दिसतात आणि जे दिसत नाहीत, त्यांचा मेळ कुठल्या जागेशी बसतो ते पाहायचे. न दिसणारा उपग्रहही इथे माहिती देतो. जपानने दुसरा मार्ग घेतला. ११ सप्टेंबर २०१० रोजी सोडलेल्या मिचिबिकीची आठाच्या आकड्यासारखी वाट अशी आखली, की तो टोकियोच्या डोक्याजवळ तासन् तास रेंगाळेल. गगनचुंबी इमारतींच्या फटीतूनही दिसेल असा उपग्रह त्यांनी मुद्दाम निर्माण केला.

"म्हणजे तुझा आकडा आठच. आणि त्या आठांतला एक बिघडला तर?"

मामांचा हा प्रश्न भाचीला अडचणीत टाकणारा होता, आणि तो तसाच विचारला जायला हवा होता.

१ एप्रिल २०१४ला, भारतात २ एप्रिलची पहाट उजाडण्याआधी, ग्लोनासचे उपग्रह स्वतःच्या जागेची चुकीची माहिती सांगू लागले. एखाददुसरा नव्हे, सगळा ताफा. हे काही तास चालले. फक्त ग्लोनासवर चालणाऱ्या रिसीव्हरांना सुटका नव्हती. जीपीएस आणि ग्लोनास डोळे मिटून मिसळणारेही फसले. ज्यांच्याकडे जीपीएसचे पुरेसे उपग्रह होते आणि दोन्ही यंत्रणांची उत्तरे ताडून पाहण्याची सोय होती, ते वाचले.

भाची या घटनेतून म्हणते: बघा, सगळे घेतल्याने नुकसान झाले. मामा म्हणतात: बघ, जास्त होते म्हणून खोटे कोण ते कळले. दोघेही बरोबर आहेत. चार उपग्रहांवर काढलेल्या उत्तराला साक्षीदार नसतो. चारांतला एक चुकीचा असला तरी समीकरणे बिनतक्रार सुटतात. पाचवा आला की विसंगती दिसते, सहावा आला की दोषी कोण ते ठरवता येते. विमानवाहतुकीत रिसीव्हरने स्वतःच स्वतःची तपासणी करण्याची पद्धत याच पाच-सहाच्या नियमावर उभी आहे. तेव्हा आठांची निवड करताना चारांची भूमिती आणि चारांची साक्ष, दोन्ही लागतात.

विमानांतही सगळे घेणे परवडत नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. चाळीस उपग्रह असतील आणि एकाच वेळी दोन बिघडू शकतात असे गृहीत धरले, तर एक-एक आणि दोन-दोन वगळून ८२० वेगवेगळी उत्तरे दर वेळी तपासावी लागतात. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उभारलेल्या गगनचे उदाहरण घ्या. जमिनीवरच्या केंद्रांतून दुरुस्त्या काढून भूस्थिर उपग्रहांमार्फत त्या विमानांना कळवल्या जातात. त्या संदेशाचा वेग सेकंदाला २५० बिट. या आराखड्यात एका वेळी जास्तीत जास्त ५१ उपग्रहांची यादी बसते. २८ एप्रिल २०२२ रोजी अजमेरजवळच्या किशनगड विमानतळावर इंडिगोचे एटीआर विमान गगनच्या मार्गदर्शनावर उतरले. तिथे महत्त्वाचे होते ते, वापरलेल्या प्रत्येक उपग्रहाची चूक किती असू शकते याची हमी हाताशी असणे.

राहिला प्रश्न निवड जलद कशी करायची याचा. चाळीसांतून आठांचा प्रत्येक संच तपासायचा म्हटले, तर संच होतात ७ कोटी ६९ लाख ४ हजार ६८५. उपग्रह सेकंदाला सुमारे चार किलोमीटर वेगाने सरकत असतात, एवढा हिशेब घड्याळातल्या चिपने करत बसणे शक्य नाही. भाची हे उलट्या बाजूने करते. चाळीसपासून सुरुवात करायची. ज्याला काढल्याने डीओपी सर्वांत कमी बिघडते, त्याला काढायचे. मग एकोणचाळीस, अडतीस, असे आठांपर्यंत यायचे. त्याला एकूण ७८४ तपासण्या पुरतात. मिळणारा संच गणिताने सर्वोत्तमच असेल असे नाही, पण सहसा त्याच्या जवळचा असतो. २००१ साली पार्क आणि हाउ यांनी याहून हलकी युक्ती सुचवली: उपग्रहांच्या दिशांमधले कोन काढायचे आणि ज्याच्या रेषेत दुसरे सोबती आहेत, तो आधी वगळायचा. त्याच वर्षी एम. एस. फाटक यांचा पुनरावर्ती निवडपद्धतीवरचा निबंध प्रसिद्ध झाला. म्हणजे संख्या वाढण्याच्या आधीच निवडीची हत्यारे तयार होती.

यातल्या कोणत्याही पद्धतीत नुसती भूमिती वापरली, तर ती नेमके क्षितिजाजवळचे, डळमळीत उपग्रह उचलते. म्हणून आजचे शहाणे प्रोग्राम प्रत्येक उपग्रहाला वजन देतात. उंचावरच्याला आणि सशक्त संकेताच्या उपग्रहाला जास्त, खाली झुकलेल्याला आणि क्षीण संकेताच्याला कमी. मग त्या वजनांसह निवड करतात. मामांचा रोव्हरही आतल्या आत वजनेच वापरतो. छत्तीस उपग्रह दाखवतो, पण छत्तिसांचे शब्द सारख्या तोलाने ऐकत नाही.

या वादात लेखकाचा कौल भाचीच्या बाजूने आहे, मामांची एक अट कायम ठेवून. मांडणी आणि विश्वास पाहून उपग्रह निवडले पाहिजेत, आणि निवडलेल्यांत चूक पकडण्याइतके जादा साक्षीदार असलेच पाहिजेत. मोबाइल विकणाऱ्यांनी पाच यंत्रणांची नावे छापून अचूकतेचा जो आभास उभा केला आहे, तो ग्राहकाची दिशाभूल करणारा आहे. किती यंत्रणा धरतो, यापेक्षा दोन वारंवारता धरतो का, हे विचारणे जास्त उपयोगाचे. एल-१ बरोबर एल-५ धरणारा मोबाइल आयनांबराचा उशीर स्वतः मोजू शकतो आणि आपटून आलेला संकेत अधिक चांगला ओळखू शकतो. शाओमीचा मी-८ हा असा पहिला मोबाइल, २०१८चा.

ज्यांच्या शेताची किंवा प्लॉटची रोव्हरने मोजणी होणार आहे, त्यांनी त्या दिवशी बांधावर हजर राहावे. पडद्यावर किती उपग्रह आले हे पाहून समाधान मानू नये. फिक्स आहे की फ्लोट (अजून पक्के न झालेले उत्तर), पीडीओपी किती, मास्क किती अंशांचा, हे मोजणीदाराला विचारावे आणि टिपून ठेवावे. पीडीओपी दोनच्या आसपास असेल तर मांडणी चांगली, सहाच्या वर गेली असेल तर थांबायला सांगावे. हद्दीचा दगड झाडाखाली किंवा भिंतीलगत असेल, तर तो बिंदू ईटीएसने घ्यायची मागणी करावी. आणि महत्त्वाच्या प्रत्येक बिंदूचे वाचन तासाभराने, उपग्रहांची मांडणी बदलल्यावर, पुन्हा एकदा घ्यायला लावावे. दोन वाचने दोन-तीन सेंटिमीटरांत जुळली तरच सही करावी.